वाचकांचे प्रश्न: मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, आणि किती तास?

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांची पत्रं उन्हाळ्याच्या तोंडावर वाढतात. या वेळी विमानाचं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ यांवरचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं बरीच होती, त्यांना मिळून एक उत्तर दिलं आहे.

प्रश्न (सांगली): मुंबई ते न्यूयॉर्क अंतर एका ठिकाणी १२,५४० दिलंय, दुसरीकडे ७,७९० आणि तिसरीकडे ६,७७०. खरं कुठलं धरायचं?

उत्तर: तिन्ही खरे. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा साध्या मैलांचा (१ मैल म्हणजे १.६०९ किमी) आणि तिसरा नॉटिकल मैलांचा (१ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी). वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैलच वापरतात, कारण ते माप पृथ्वीशी जोडलेलं आहे: अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही किंमत नाही. मुलगा न्यू जर्सीत असेल आणि त्यामुळे तुमचं तिकीट न्यूयॉर्कच्या केनेडीऐवजी शेजारच्या न्यूअर्कचं असेल, तरी अंतरात सांगण्यासारखा फरक पडत नाही. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून तीसेक किलोमीटरवर आहेत. फरक पडतो तो घ्यायला येणाऱ्याला.

प्रश्न (नाशिक): भिंतीवरच्या नकाशात अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते. मग विमान आधी उत्तरेला जाऊन एवढा वळसा का घेतं? इंधन फुकट जात नाही का?

उत्तर: वळसा विमान घेत नाही, नकाशा घेतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो आणि त्यामुळे जवळची वाट लांब दिसायला लागते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपोआप सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन-नॉर्वे, आइसलंड असा जाईल, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरेल आणि मग न्यूयॉर्कला टेकेल. या वाटेचं सगळ्यात उत्तरेकडचं ठिकाण जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशावर, नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामधल्या समुद्रात येतं. निघताना विमानाची दिशा पश्चिम नसतेच, उत्तरेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेकडे कललेली असते.

आता भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ घ्या. तिच्यावरून गेलं तर सुमारे १४,२०० किमी पडतात. म्हणजे जो तुम्हाला वळसा वाटतो तो साडेसोळाशे किलोमीटर वाचवतो.

आकडेमोडीची हौस असणाऱ्यांनी दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन स्वतः करून बघावं. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन. त्यात मिळवा दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार. येणाऱ्या संख्येचा उलटा कोसाइन काढला की अंशांत कोन मिळतो, त्याला १११.२ ने गुणलं की किलोमीटर. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३२, कारण एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज करायची असते. बेरीज ०.४२४८ येते, कोन ६४.८६ अंश आणि अंतर सुमारे ७,२१० किमी. उत्तर भलतंच आलं तर दोन गोष्टी तपासा: पूर्व-पश्चिमेची बेरीज करायची राहिली का, आणि कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर तर नाही ना.

पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडे ६,३५७ किमी आहे. त्यामुळे वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो. त्याच्या मागे लागू नका.

प्रश्न (कोल्हापूर): मग विमान नेमकं तेवढेच किलोमीटर उडतं का?

उत्तर: नाही. वर काढलेला आकडा हा कमीत कमी अंतराचा आहे, त्याच्या खाली विमान जाऊ शकत नाही. वर किती जाईल हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे उडून मग वळावं लागतं. वादळी ढग टाळावे लागतात. दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही असलं तरी ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ लागतो. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास यावं लागतं, आणि तिथे तर खाली जमीनच त्याहून उंच. वरून पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तास पुरतो. म्हणून तिथली जवळची वाट दिसत असूनही बहुतेक विमानं तिकडे जात नाहीत.

पण खरी मेख राजकारणाची आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत असंच झालं होतं. दिल्लीला याचा फटका जास्त बसतो. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे सरकू शकतं, दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला यावं लागतं. अमेरिकेच्या काही फ्लाइटना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं, म्हणजे ‘नॉनस्टॉप’ म्हणून घेतलेल्या तिकिटाचे तास वाढले. बंदी भारतीय कंपन्यांपुरती असली की परदेशी कंपनीचं विमान त्याच दिवशी त्याच शहराला कमी वेळात जाताना दिसतं, त्यात वैमानिकाचं कौशल्य शोधू नये.

रशियाचं उलट आहे. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीपासून युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना ती बंदी नाही. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास त्यामुळे तेरा तासांच्या घरात गेला. शहरं होती तिथेच आहेत.

प्रश्न (पुणे, आणि याच आशयाची आणखी पत्रं): मुंबई–लंडन जाताना जास्त वेळ आणि येताना कमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग लंडन आपल्याकडे यायला हवं. जातानाच कमी वेळ लागायला नको का?

उत्तर: पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. विरार लोकलच्या डब्यात तुम्ही पुढच्या दाराकडे चाला नाहीतर मागच्या, वेळ सारखाच लागतो. डब्यात वारा सुटला तरच फरक पडेल, आणि वर नेमका वाराच सुटलेला असतो. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, मध्य अक्षांशांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात त्याहून जास्त.

हिशोब करून बघा. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किमीने जातंय आणि प्रत्यक्ष वाट ७,४०० किमीची आहे असं धरू. वारा अजिबात नसेल तर ८ तास १३ मिनिटं. वाटभर सरासरी ६० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८४० राहतो आणि ८ तास ४९ मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीमागून, वेग ९६०, वेळ ७ तास ४२ मिनिटं. फरक एक तास सात मिनिटांचा. यात एक गंमत आहे. जाऊन-येऊन बेरीज केली तर वारा नसतानापेक्षा पाच मिनिटं जास्तच लागतात. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तिथे गेलेली मिनिटं येताना पूर्ण भरून निघत नाहीत.

या वाऱ्याच्या जोरावर अंतर वाढवून वेळ वाचवता येतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किमीने लांबली, १५,३०० किमीच्या आसपास झाली. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. कारण जाताना आणि येताना दोन्ही वेळा ते पूर्वेकडेच उडत होतं. सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना ते अटलांटिकवरून यायचं, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणाच.

प्रश्न (ठाणे): सीटसमोरच्या पडद्यावर वेग ताशी १,०९० किमी दाखवत होते. हा आवाजाच्या वेगाहून जास्त नाही का?

उत्तर: तो जमिनीच्या तुलनेतला वेग. ३५,००० फुटांवर तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असतं आणि त्या थंडीत आवाजाचा वेग ताशी १,०६५ किमी इतका उतरतो. मोठी विमानं त्याच्या साधारण ०.८५ पट, म्हणजे ताशी नऊशेच्या आसपास उडतात. बाकीचं वाऱ्याचं देणं. १७ फेब्रुवारी २०२४ ला वॉशिंग्टन–लंडन फ्लाइटवर व्हर्जिन अटलांटिकच्या विमानाने जमिनीवरचा वेग ताशी १,२९० किमीपर्यंत गाठला होता. ध्वनीची भिंत वगैरे काही फुटली नाही, हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

प्रश्न (सोलापूर): तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री २:०० आणि न्यूयॉर्कला पोचण्याची सकाळी ७:३०, तीही त्याच तारखेला. साडेपाच तासांत अमेरिका?

उत्तर: तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. तास मोजायचे तर दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळावर आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथले सकाळचे ७:३० म्हणजे आपले संध्याकाळचे ६:००. रात्री २ पासून संध्याकाळी ६ पर्यंत १६ तास, हाच तुमचा प्रवास.

उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा होतो, आणि चूक इथेच होते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मार्चमधले दोन-तीन आठवडे अमेरिकेने घड्याळ बदललेलं असतं आणि लंडनने नसतं. लंडनला विमान बदलून न्यूयॉर्कला जाणाऱ्याने त्या दिवसांत पाच तासांऐवजी चार तासांचा फरक धरावा. ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही, मुलगी फिनिक्सला असेल तर तेवढं लक्षात ठेवा. परतीच्या तिकिटावर वेळेपुढे ‘+१’ असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची असते.

तारखेची आणखी एक चूक सर्रास होते आणि ती महागात पडते. तिकिटावर १५ मे, वेळ ००:४५. हे विमान १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने निघतं. घरून १४ ला संध्याकाळी निघायचं. १५ ला रात्री जेवूनखाऊन विमानतळावर पोचलेल्या माणसाचं विमान जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेलं असतं, आणि अशा तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. नातेवाइकांना सांगताना ‘१४ ची रात्र, उजाडता १५’ असंच सांगा.

प्रश्न (रत्नागिरी): वैमानिकाने सांगितलं आठ तास वीस मिनिटं, तिकिटावर साडेनऊ तास. मधला तास कुठे जातो?

उत्तर: वैमानिक हवेतला वेळ सांगतो. तिकिटावर ब्लॉक टाइम असतो, म्हणजे चाकांखालच्या अडणी काढून विमान जागचं हललं तिथपासून पोचल्यावर पुन्हा अडणी लागेपर्यंत. यात ढकलगाडीने मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांग, सगळं आलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. हीथ्रोच्या भोवती बॉव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन हिल अशा चार ठिकाणी विमानं आकाशात गोल फिरत उतरण्याची वाट बघतात. कंपन्या हे सगळं धरून वर थोडा जादा वेळही ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान बरेचदा वेळेवर पोचतं. घ्यायला येणाऱ्याने हवेतल्या वेळेवर जाऊ नये. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांना तास-दीड तास धरावा, गर्दीच्या वेळी त्याहूनही जास्त.

प्रश्न (नागपूर): आई, वय ७१, एकटीच नागपूर–मुंबई–न्यूयॉर्क–शिकागो करणार आहे. मधे किती वेळ ठेवावा? दोन तास पुरतील का?

उत्तर: दोन तासांवर आईंना पाठवू नका. आधी तिकीट बघा: सगळे टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीने करायची. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून घेतली असतील, तर नागपूरचं विमान रखडल्यावर न्यूयॉर्कचं तिकीट गेलंच म्हणून समजा.

मग विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. मुंबईचा बीओएम. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे, त्याचा एनएमआय. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे अख्खं शहर आहे. गोव्याच्या वाचकांनाही हेच: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. मुंबईतल्या मुंबईतही नागपूरचं विमान टी-१ ला उतरलं तर आंतरराष्ट्रीय फ्लाइटसाठी टी-२ ला रस्त्याने जावं लागतं. आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतात, ही मिनिटं तुमच्या दोन तासांतून वजा करा. मुंबईत चार तास ठेवा, पावसाळ्यात पाच.

न्यूयॉर्कला वेगळीच अडचण. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं आणि बॅगेवर शिकागोचा टॅग असला तरी साधारणपणे ती पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘सामान थेट शिकागोला’ असं मुंबईत ऐकलेलं असतं आणि बॅग न्यूयॉर्कलाच राहते. इथेही चार तास. अबूधाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी अबूधाबीतच होऊ शकते, २०१४ पासून तिथे अमेरिकेचा कक्ष आहे. मग अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं.

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगा. तीन प्रकार आहेत: जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, जिनेही जमत नाहीत, आणि विमानात सीटपर्यंतही न्यावं लागतं. आईंचा प्रकार नेमका सांगा. सरसकट ‘व्हीलचेअर’ म्हटलं की चुकीची मदत मिळते.

प्रश्न (सातारा): वडिलांची रक्तदाबाची गोळी रोज रात्री ९ ला असते. विमानात कुठल्या ९ ला द्यायची?

उत्तर: आम्ही तासांचंच सांगू शकतो, औषधाचं डॉक्टरांना विचारा. शरीराला गेलेले तास कळतात, घड्याळ नाही. एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा, फोन उतरल्याबरोबर आपोआप बदलतो. निघण्याआधी कागदावर आडव्या दोन ओळी करा, वर भारतीय वेळ, खाली तिथली, आणि गोळीची जागा खूण करून तो कागद डॉक्टरांना दाखवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर हे करूनच निघावं, कारण विमानातली जेवणं आपल्या जेवणांच्या वेळेला येत नाहीत. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत.

प्रश्न (डोंबिवली): मुलगी ऑकलंडला, मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला. एकीकडून दुसरीकडे जाताना निघण्याच्या आधीच पोचतो म्हणतात, ते कसं?

उत्तर: मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा येते. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत, ऑकलंड सॅन फ्रान्सिस्कोच्या २१ तास पुढे असतं. संध्याकाळी ७:४५ ला निघून बारा तासांनी उतरलात तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे पावणेअकरा. अंतर सुमारे १०,५०० किमी. परत येताना मात्र कॅलेंडरातला एक दिवस पूर्ण गळतो, त्या दिवशी कोणाचा वाढदिवस नाही ना ते बघून तिकीट काढा.

प्रश्न (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर): सगळ्यात लांबचं विमान कुठलं?

उत्तर: सध्या नियमित प्रवासी सेवेत सिंगापूर–न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किमी आणि साडेअठरा तासांच्या पुढे. त्यासाठी एअरबस ए-३५० चा खास प्रकार आहे, १,६५,००० लिटर इंधनाचा. वजन आवरायला आसनं फक्त १६१ आणि इकॉनॉमी वर्ग नाहीच. याहून लांब, सुमारे १७,००० किमीची सिडनी–लंडन सेवा सुरू करायची क्वांटासची तयारी चालू आहे. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किमीच्या आसपासच जास्तीत जास्त लांब असू शकतात, त्यामुळे या शर्यतीत आता फार जागा उरलेली नाही.